ऐकू येणे आणि ऐकणे

संगीताचा आस्वाद हा सर्वस्वी ऐच्छिक व्यापार आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. न रुचणारे पुस्तक मिटता येते, न आवडणारे चित्र मागे टाकून पुढे जाता येते. कानाला मात्र अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. सर्व कलांमध्ये संगीत हे माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध सर्वांत सहज लादता येते. म्हणूनच आपल्या सांगीतिक आवडीनिवडींत रसिकतेइतकाच, कित्येकदा तिच्याहून अधिक, वाटा जुन्या उपद्रवांच्या आठवणींचा असतो. ज्या नादाने आपली झोप मोडली त्या नादाला न्याय देण्याचे कर्तव्य आपल्यावर उरते काय? हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे, आणि तो यंत्रांवर रचलेल्या, मुख्यतः नृत्यासाठी जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या निमित्ताने.

हैदराबादेतील गौलीगुड्याच्या रहिवाशाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. एका बाजूला अफजलगंज, दुसऱ्या बाजूला पुतलीबावली आणि कोठी, अशा दाट वस्तीचा हा भाग. येथील राममंदिरापासून चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंतीची मिरवणूक निघते आणि कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा असा मार्ग आक्रमीत सिकंदराबादेतील ताडबनच्या हनुमान मंदिरापर्यंत जाते. गेल्या काही वर्षांत अशा मिरवणुकांत ढोलताशांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, मोटारींवर रचलेले ध्वनिक्षेपकांचे मनोरे आले. भक्तिगीताखाली यंत्राचा ठोका घालून तयार केलेले नाद गल्लीगल्लीतून घुमू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराच्या पोलिस आयुक्तांनी धार्मिक मिरवणुकांतील डीजे ध्वनियंत्रणेवर बंदी घातली, ती एका धर्माच्या नव्हे, सर्वच मिरवणुकांवर. एवढ्यावरून उपद्रव किती वाढला होता हे ध्यानी यावे. या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना 'इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हटले की खिडकीच्या तावदानांची थरथर आठवते. 'हे संगीतच नव्हे' असा त्यांचा निवाडा असतो.

तक्रार म्हणून हा निवाडा सोळा आणे खरा आहे. रसग्रहण म्हणून तो तितका खरा नाही, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानात सापडते. खर्जातले, म्हणजे कमी कंपनसंख्येचे, ध्वनी भिंती भेदून जातात. वरच्या पट्टीतले ध्वनी वाटेत शोषले जातात. रस्त्यावरचे गाणे घरात शिरते तेव्हा त्यातील सुरावट, नादाचे पोत, बारकावे बाहेरच राहतात आणि आत येतो तो केवळ धक्का. शेजाऱ्याच्या कानी पडते ती त्या रचनेची विटंबना असते. रचना तो ऐकतच नाही. तेव्हा 'मी हे पुष्कळ ऐकले आहे' असे म्हणणारा गृहस्थ प्रामाणिक असला तरी चुकतो. त्याला ते पुष्कळ ऐकू आलेले असते. त्याने ते ऐकलेले नसते.

आता दुसरी बाजू पाहू. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजविणारे चरणजीत सिंग या नावाचे एक वादक होते. १९८२ साली त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे घेऊन एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. एक यंत्र तालाचे, एक खर्जाच्या सुरांचे आणि एक सिंथेसायझर. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' असे तिचे नाव. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत. एचएमव्हीने ती बाजारात आणली. ती फारशी खपली नाही आणि विस्मृतीत गेली. नावातच दोन्ही दारे बंद होण्याची सोय होती, असे मला वाटते. 'डिस्को' हा शब्द वाचून रागसंगीताचा रसिक मागे फिरणार, आणि 'राग' हा शब्द वाचून नाचणारा तरुण.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतील शिकागो शहरात फ्यूचर या त्रयीची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली आणि 'अ‍ॅसिड हाउस' नावाच्या नव्या नृत्यसंगीताची ती नांदी ठरली. तिचा आत्मा होता तो सिंग यांनी वापरलेल्या त्याच खर्जयंत्राचा. या यंत्राची कथाही मोठी उद्बोधक आहे. साथीला बास गिटार वाजविणारा नसेल तर त्याची उणीव भरून काढावी, एवढ्यासाठी ते बनविले गेले. त्या कामी ते अयशस्वी ठरले, १९८४ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. जुन्या बाजारात पडेल किमतीला ते घेणाऱ्या पोरांनी त्याच्या कळा भलत्याच रीतीने फिरविल्या तेव्हा त्यातून एक अपूर्व, वळसे घेणारा, चिवट नाद निघाला. मुंबईच्या वादकाला त्याच यंत्राच्या एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या गुणात मींडेची शक्यता दिसली होती. या दोन शोधांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ती जुनी तबकडी मिळाली. २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली आणि पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले. ही कोणा आधुनिक संगीतकाराने केलेली थट्टा असावी, असाही संशय काहींनी घेतला. सत्तरी गाठलेले सिंग त्यानंतर परदेशांतील रंगमंचांवर गेले, आणि २०१५ साली त्यांचे निधन झाले. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की १९८२ ते २०१० या काळात त्या तबकडीतील एक स्वरही बदलला नव्हता. बदलला तो श्रोता. गायक आणि वादक यांच्या साधनेविषयी आपण पुष्कळ बोलतो. श्रोत्याच्या आळसाने काय गमावले जाते याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

या संगीतावर घेतले जाणारे दोन आक्षेप मात्र विचारी आहेत, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की यंत्राचा ठोका अखंड तोच असतो. पुनरावृत्तीत कला ती कसली? पण तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा धरणारा सारंगीवादक किंवा पेटीवादक तीच ओळ तासभर वाजवीत असतो. तंबोरा तर त्याहून एकसुरी. आपण त्यांना कंटाळवाणे म्हणत नाही, कारण जे स्थिर आहे त्याच्यामुळेच जे हलते ते दिसते हे आपल्याला ठाऊक आहे. बर्लिनच्या मानुएल ग्यॉटशिंग याने डिसेंबर १९८१ मध्ये एकट्याने, एकाच बैठकीत वाजविलेली 'ई टू – ई फोर' ही जवळजवळ तासाभराची रचना या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. बुद्धिबळातील एका चालीचे नाव धारण करणारी ही रचना आरंभापासून अखेरपर्यंत दोनच स्वरसंघातांवर हेलकावत राहते. प्रथम वाटते की काहीच घडत नाही. मग एक नाद हळूच आत येतो, दुसरा विरतो, उत्तरार्धात गिटार उमटते. आणि मघाशी जो ठोका यांत्रिक वाटला तोच आता आधार वाटू लागतो. ख्यालाच्या विलंबित विस्ताराला सरावलेल्या कानाला हे परके वाटण्याचे कारण नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेली ही एकांतातील रचना पुढे न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत वाजू लागली, हा तिचा आणखी एक विशेष.

दुसरा आक्षेप असा, की जे नाचण्यासाठी केले ते खुर्चीत बसून ऐकणे म्हणजे जेवणाचे ताट पाहून पोट भरल्याचे सोंग करणे. पण आपल्याच घरात पाहावे. लावणी फडावर नाचली गेली, आणि बैठकीची लावणी तिच्या शेजारीच नांदली. नाट्यपदे रंगभूमीवरील प्रसंगासाठी जन्मली. आज ती मैफलीत नाटकावाचून रंगतात. गोव्याचा मांडो हा तर दिवाणखान्यात संथ पावलांनी नाचावयाचा प्रकार. आज कित्येक रसिक तो केवळ ऐकतात आणि त्यातील आर्ततेने हेलावतात. एखादी वस्तू कशासाठी केली यावरून तिचे भवितव्य ठरत नाही. गौलीगुड्याला तर हे निराळे सांगावयास नको. अमेरिकेत विमानांसाठी बनविलेला प्रचंड लोखंडी सांगाडा निजामी राजवटीत येथे उभारला गेला, आणि जुलै २०१८ मध्ये तो कोसळेपर्यंत हैदराबादच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्याला बसस्थानक म्हणूनच ओळखले. नृत्यसंगीतातही हे स्थित्यंतर जाणीवपूर्वक घडले आहे. इंग्लंडमधील वार्प या संस्थेने १९९२ साली 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स' हा संग्रह काढला तो ऐकण्यासाठी म्हणूनच. त्याच्या वेष्टनावर आरामखुर्चीत पहुडलेला एक यंत्रमानव आहे आणि जमिनीवर तबकड्यांची पाकिटे पसरलेली आहेत. नाचून आलेल्या माणसालाही घरी बसून ऐकण्याची भूक असते, हे त्या चित्राने विनोदाने सांगितले.

अर्थात आल्बम ऐकणे म्हणजे त्यातील एखादा तुकडा ऐकणे नव्हे. मिरवणुकीतील मनोरा नेमके तुकडेच वाजवितो. सर्वांत जोरकस असतील तेवढे. आल्बमला आदि असतो, मध्य असतो, विसावा असतो. कोणती रचना कोणत्या रचनेनंतर यावी याचा विचार रचनाकाराने केलेला असतो, आणि तो क्रम मोडला तर अर्थही मोडतो. म्हणून सिंग यांच्या तबकडीतील भैरवी ऐकून उठू नये, मालकंसापर्यंत थांबावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्याय देण्याचे कर्तव्य आहे काय? माझे उत्तर असे, की ते आहे. पण त्याला एक अट आहे. न ऐकण्याचा अधिकार जेथे मान्य असतो तेथेच ऐकण्याचे कर्तव्य सुरू होते. गोव्याचे उदाहरण घ्यावे. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांनी रात्र रात्र वाजविलेल्या संगीतातून १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' हा प्रकार जगभर गेला. युरोप, इस्राएल, जपान येथील तबकड्यांवर गोव्याचे नाव झळकले. पण त्या नावाचा मान ज्या गावांना मिळावयाचा त्या गावांतील पुष्कळ लोकांच्या वाट्याला भिंतीतून येणारा खर्ज आणि जागरणे तेवढी आली. त्यांना कोणी विचारलेच नाही. अशा माणसाला 'तुम्हांला रसिकता नाही' असे म्हणणे हा उद्धटपणा होय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना सामान्यतः मज्जाव केला. हे नियम कलेविरुद्ध आहेत असे मानणारे चुकतात. संमतीवाचून आस्वाद नाही. म्हणून शांततेचे रक्षण हे संगीताचेही रक्षण आहे.

ही अट पुरी झाली, दार लावलेले आहे, आवाज आपल्या हाती आहे, की मग मात्र जबाबदारी आपल्याकडे येते. तेथे 'मला हे आवडत नाही' हे वाक्य पुरेसे नाही. 'मी हे एकदा अखेरपर्यंत ऐकले' हे त्याच्या आधी आले पाहिजे. आजकाल शोधाचे कामही यंत्रावर सोपविण्याची रीत पडली आहे. भ्रमणध्वनीतील यंत्रणा आपल्या आवडीचा माग ठेवते आणि तिच्यासारखेच आणखी पुढे करते. सोय मोठी आहे. पण ज्याला आपण एकदा पाठ फिरविली त्याच्याकडे ती आपणांस सहसा नेणार नाही. नावडीची फेरतपासणी हे नैतिक काम आहे, आणि ते माणसालाच करावे लागते. दिल्लीत जुनी तबकडी उचलणाऱ्या संग्राहकाने हेच केले. जे काम आपल्या घरच्या रसिकांनी अठ्ठावीस वर्षे केले नव्हते.

ऐकून झाल्यावरही ते न आवडण्याचा अधिकार अर्थातच उरतो. पूर्ण ऐकून नाकारलेले संगीत आणि न ऐकता हिणविलेले संगीत यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात मतभेद असतो. दुसऱ्यात केवळ अविचार. आणि ज्यांना ते आवडेल त्यांच्यावर एक बंधन येते. आपल्याला लाभलेला आनंद दुसऱ्याच्या खिडकीवर आदळू न देण्याचे. मिरवणुकीत तो मनोरा चालविणारा तरुण आणि घरात कान झाकून बसलेले आजोबा हे दोघेही त्या संगीताला सारखेच पारखे आहेत. एकाने ते इतरांवर फेकले, दुसऱ्याने ते अंगावर झेलले, ऐकले कोणीच नाही. त्या दोघांनी एखाद्या संध्याकाळी एका खोलीत, बेताच्या आवाजात, चरणजीत सिंग यांचा यमन शेवटपर्यंत ऐकावा. त्यानंतर दोघांनी वाद घालावा; तो वाद मात्र संगीताविषयीचा असेल.