हजार रुपयांची सूट

घरभाडे ही बाब आम्हां सरकारी नोकरांच्या हिशेबात एका ओळीत मावते. आमचे मूळ वेतन ३०,५०० रुपये. दुर्ग-भिलाई हे 'वाय' वर्गातील शहर, तेव्हा २०२४ च्या जानेवारीपासून वीस टक्क्यांप्रमाणे घरभाडे भत्ता ६,१०० रुपये. सुपेल्याकडे दोन खोल्या व स्वयंपाकघर, भाडे साडेसात हजार, अनामत दोन महिन्यांची, वीज निराळी, करारनामा अकरा महिन्यांचा. वर्षाहून अधिक मुदतीचा केला तर नोंदणी करावी लागते आणि नोंदणीचे भय दोन्ही पक्षांना सारखेच. भत्त्यावर पडणारे चौदाशे रुपये आम्ही कोठून काढतो, हे वाचकांस सांगावयास नको. आमचा प्रश्न निराळा आहे.

घरमालकांनी प्रथम सांगितलेले भाडे साडेआठ हजार होते. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले ते वऱ्हाडातले गृहस्थ. आमचे आडनाव ऐकताच मराठीत म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं! आपल्या माणसाकडून जास्त काय घ्यायचं?" हजार रुपये उतरले. काकूंनी चहा टाकला. परमुलखात मराठी शब्द कानी पडला की मन कसे सैल होते, ते आपण सर्वच जाणतो.

चहा चालू असतानाच दारात एक तरुण जोडपे आले, कडेवर मूल. तो कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. साडेआठ हजार त्याला कबूल होते, अनामतही त्याने खिशातून काढून दाखविली. काकांनी नाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि घर दिले गेले असे सांगितले. आम्ही तोवर एक पैसाही दिला नव्हता. 'कळवितो' एवढेच म्हटले होते. हाती कप धरून आम्ही गप्प बसलो.

ज्याचे घर त्याची मर्जी, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, घाट यांची नावे आहेत. भाड्याच्या खोलीचे नाही. शिवाय याआधी दोन घरांतून 'मासे चालणार नाहीत' म्हणून आम्हांलाच परत पाठविले होते, तेव्हा आमचा संताप पाहण्यासारखा होता! तो संताप त्या दिवशी कोठे गेला?

१९१७ साली परदेशी शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीत जागा मिळाली, गावात मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गावात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांचीही काही अडचण निघाली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईतो ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. काठीवाल्यांविषयी मत बनविणे सोपे आहे. आम्हांला हल्ली आठवतात ते मित्र. त्यांच्या हाती काठी नव्हती, बहुधा कपच असावा.

भिलाईत हे अधिक बोचते. १९५५ च्या सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या या गावात काकांना उमेदीत सेक्टरमधले क्वार्टर मिळाले, ते हुद्दा व नोकरीची वर्षे पाहून. एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली. त्या शेजाराच्या आठवणी ते आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात.

गेल्या महिन्यात करार नवा करावयाचा होता. आम्ही साडेआठ हजार पुढे ठेवले. काका दुखावले. "परके झालात का?" आम्ही चाचरत त्या दिवसाची आठवण दिली.

"कोणतं जोडपं?" त्यांनी खरोखरीच्या नवलाने विचारले.

भाडे साडेसात हजारच राहिले. आम्ही फार ताणले नाही. सुपेल्याच्या बाजारात मात्र कडेवर मूल घेतलेला माणूस दिसला की आम्ही अजून वळून पाहतो. वास्तविक ते मूल आता चालू लागले असेल.