अजगर कुणाला गिळतो?

दोस्तहो, विषय हलका वाटेल. थोडक्या पैशात काढलेले, जंगलात घडणारे, महाकाय सापांचे भयपट. ॲनाकोंडा, अजगर, शंभर फुटी नाग. गायरानाचे दावे पडलेत, ॲट्रॉसिटीच्या केसेस तारखांवर तारखा खातायत, आणि कार्यकर्त्याने रबरी सापावर पानं काळी करायची? हा सवाल मला आपल्याच एका माणसाने केला. त्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय.

आपले अंक किती जणांच्या हाती पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. आता भंडारदऱ्याच्या अंगाला या. शेंडी, राजूर, वरच्या ठाकरवाड्या, महादेव कोळ्यांची गावं, आमचे बौद्धवाडे. इथं आधी व्हिडिओ पार्लर होतं, मग केबल आली, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. या तिन्ही काळांत एक गोष्ट टिकून राहिली. हिंदीत आवाज भरलेला विलायती सापाचा पिक्चर. १९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि चालला, तेव्हा धंदेवाल्यांना कळलं की जनावराला भाषा लागत नाही. मग ‘ॲनाकोंडा’ आला, आणि त्याच्यामागून ‘पायथन’, ‘बोआ विरुद्ध पायथन’, ‘मेगा स्नेक’ अशी रांगच लागली. आपल्या पोरांनी हे पाहिलंय. आपल्या अंकातली कविता त्यांनी पाहिलेली नाही. मग माणसाच्या मनात काय पेरलं जातंय हे बघायचं तर तिथं बघायला नको?

माझा प्रश्न साधा आहे. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. पण भीती कुणाच्या अंगावर टाकायची हे कोण ठरवतं? आणि पैसे देऊन भीतीची मजा घेणाऱ्याची त्यात काही जबाबदारी आहे की नाही?

आधी हे पिक्चर बनतात कसे ते बघा. साप महाग असतो. यंत्राचा करा नाहीतर कॉम्प्युटरवर काढा, प्रत्येक मिनिटाला पैसा जातो. म्हणून दीड तासाच्या पिक्चरमध्ये साप दिसतो मोजका वेळ. बाकीचा वेळ भरायचा कशानं? जंगलानं. झाडं फुकट, नदी फुकट, धुकं फुकट. आणि त्या जंगलात राहणारा माणूस? तोही जवळजवळ फुकटच. तोंडाला रंग फासा, हातात भाला द्या, ‘झिंगालाला’ करायला लावा. बोलायला संवाद नाही, म्हणजे नट लागत नाही. स्वस्त पिक्चरमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू आदिवासी आहे. त्याचं काम दोनच प्रकारचं. एक, सापाची पूजा करणं. दोन, सापाच्या तोंडी जाणं, म्हणजे शहरातून आलेल्या पाहुण्यांना कळेल की साप खरा आहे.

१९९७ चा ‘ॲनाकोंडा’ काही स्वस्त नव्हता, पण या सगळ्यांचा बाप तोच. त्याची गोष्ट आठवा. ॲमेझॉन नदीवर एक टोळकं होडीतून निघतं. कशाला? एका आदिवासी जमातीवर माहितीपट काढायला. जमात अर्थातच लेखकाने बनवलेली. वाटेत सापांचा शिकारी भेटतो, साप भेटतो, माणसं पटापट मरतात. होडीवरच्या मंडळींत सापाचा पहिला घास कोण? होडी हाकणारा मातेओ. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती जमात? ती येते अगदी शेवटी. धुक्यातून, मुकी. पिक्चर संपतो. ज्यांना नदी माहीत, साप माहीत, त्यांना एक वाक्यसुद्धा नाही.

इथं कुणी मला अडवेल. म्हणेल, अरे, त्या पिक्चरमध्ये गोरा शिकारी खलनायक आहे आणि जगणाऱ्यांत कोण कोण आहेत? लॅटिन वंशाची जेनिफर लोपेझ आणि काळा आइस क्यूब. हॉलीवूडच्या रिवाजात काळा माणूस आधी मरतो, इथं तो वाचला. हे खरंय. आणि मी ते कमी लेखत नाही. पण नीट बघा. ती दिग्दर्शिका आहे, तो कॅमेरावाला आहे. ज्यांच्या हातात कॅमेरा आहे ते वाचले. ज्याच्यावर कॅमेरा रोखलाय तो मुकाच राहिला. दोस्तहो, हे आपल्यालाही लागू आहे. उद्या आपल्या पोराच्या हातात कॅमेरा येईल, यायलाच पाहिजे. पण तेव्हा तो कुणाकडे वळवायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं की नाही, हा प्रश्न संपणार नाही. आपण वाचलो म्हणजे न्याय झाला, असं होत नाही.

आता पडद्यावरून जमिनीवर या. ॲनाकोंडा दक्षिण अमेरिका सोडून रानात कुठं राहत नाही. आपल्याकडचा अजगर माणसाला बघून सरकतो. जाळीदार अजगराने माणूस गिळल्याची घटना खरी आहे. २०१७ साली इंडोनेशियात, सुलावेसी बेटावर. तिथं मेलेला माणूस साहसाला निघालेला पाहुणा नव्हता, पामतेलाच्या मळ्यात राबायला गेलेला गरीब माणूस होता. पण असं क्वचित घडतं. भारतात खरोखर मारणारे साप चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं हातभरसुद्धा नसतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. अनवाणी भात लावणारी, जमिनीवर झोपणारी, अंधारात बाहेर जाणारी. या ५८ हजारांवर कुणी पिक्चर काढत नाही. कारण यांना मारतो तो साप छोटा आहे, आणि त्याच्या मागे उभी असलेली गोष्ट मोठी आहे. रस्ता नाही, गाडी नाही, दवाखान्यात लस नाही.

माझ्या ओळखीच्या एका वाडीत पावसाळ्यात पोरीला मण्यार चावली. मण्यार रात्री येते, झोपलेल्याला चावते, दुखतसुद्धा नाही फारसं. पहाटे पोट दुखायला लागलं. बापानं झोळी केली, ओढा ओलांडला, जीप गाठली. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, इथं लस नाही, पुढं न्या. पुढं नेता नेता पोर गेली. मी नंतर एका शिकल्या-सवरल्या माणसाला हे सांगत होतो, तर त्यानं मध्येच तोडलं, “भगताकडे नेली असेल आधी. ही लोकं सापाला देव मानतात ना.” नव्हती नेली. बाप भगताच्या दारावरून सरळ पुढं गेला होता. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट आधीच तयार होती. आदिवासी, साप, पूजा, मरण. ही गोष्ट त्याला कुणी शिकवली? शाळेनं नाही शिकवली. पडद्यानं शिकवली. आणि त्या गोष्टीमुळे लस नसल्याची जबाबदारी दवाखान्यावरून उतरून मेलेल्या पोरीच्या बापावर गेली.

माझ्या मित्राला माझं उत्तर हेच आहे. खोट्या भीतीचा तोटा एवढाच नाही की ती खोटी असते. ती खऱ्या अपराध्याला पळून जायला वाट करून देते.

भंडारदऱ्याचंच बघा ना. काजव्यांच्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. पोरं विचारतात, “दादा, इथं अजगर आहे का?” वाटाड्या ठाकर पोरगा हसून म्हणतो, “हाय की, पर त्यो तुमाला भितो.” आता मी विचारतो, या खोऱ्यात गिळण्याचं काम कुणी केलं? प्रवरेवर विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. वरच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ११ टीएमसी पाणी साठलं. ते खाली कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरला गेलं, ऊस उभा राहिला, १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना चालू झाला. पाणी खाली गेलं याचं मला दुःख नाही, खालचा शेतकरीही माणूसच. पण धरणाच्या डोक्यावरच्या वाड्यांत उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन हिंडताना मी पाहिल्यात. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. ज्या रानात पिढ्या गेल्या तिथं काटकी उचलायची तरी भीती. ही भीती कुठल्या पिक्चरमध्ये येते?

आणि सापाचं खरं ज्ञान कुणाकडे आहे ते ऐका. तमिळनाडूत इरुला नावाची आदिवासी जमात. साप पकडणं हे त्यांचं पिढ्यांचं कसब. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, कातडीचा धंदा बंद पडला, पोटावर पाय आला. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचं, साप परत रानात सोडायचा. आपल्या देशात लसीसाठी लागणारं बरंचसं विष यांच्या हातून येतं. म्हणजे दवाखान्यात जो वाचतो तो बहुधा यांच्याच मेहनतीनं वाचतो. पुढं २०१७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडाने या जमातीच्या दोघांना बोलावलं, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. तिथं लोकांनी पाळायला आणलेले बर्मी अजगर दलदलीत सुटून बेसुमार वाढले होते. या दोघांनी एका लोखंडी कांबीच्या आणि नजरेच्या जोरावर पहिल्या आठ-दहा दिवसांत १३ अजगर धरले, त्यातली एक मादी १६ फुटी. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली. ज्या देशानं पडद्यावर आदिवासीला अजगराच्या तोंडी दिलं, त्याच देशाला खरा अजगर धरायला आदिवासी लागला. पण यांच्यावर भयपट निघणार नाही. भयपटाला जाणता आदिवासी परवडत नाही. त्याला बोलायला दिलं तर पहिल्याच दृश्यात तो सांगेल, “साहेब, तिकडं जाऊ नका,” आणि पिक्चर तिथंच संपेल.

ही खोड सिनेमाची नाही, त्याच्याहून जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जाळलं जातं. आत नाग राहत होते. पुढं जनमेजयाचं सर्पसत्र, नागांना आगीत ओढणारा यज्ञ. बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’मध्ये १९४८ साली नाग हे लोक होते अशी मांडणी केली. १९५६ साली धर्मांतरासाठी नागपूर का निवडलं हे सांगताना त्यांनी नाग लोकांचा, त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवल्याचा आणि एका नागाला वाचवणाऱ्या अगस्ती मुनींचा उल्लेख केला. त्याच अगस्तीचा आश्रम आमच्या अकोल्यात प्रवरेकाठी दाखवतात. माझ्या लेखी यातला धडा वंशाची फुशारकी मिरवण्याचा नाही. धडा वाचण्याच्या रीतीचा आहे. पोथीत जिथं साप जळतोय, तिथं माणूस तर जळत नाही ना, असं विचारायचं. कारण आधी माणसाला जनावर लिहावं लागतं, मग त्याला जाळणं हा पराक्रम होतो.

याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्याला इंग्रजांच्या कागदांनी दरोडेखोर लिहिलं, १८४८ साली ठाण्याला फाशी दिलं. १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार लिहिल्या. लिहिणारा बदलला, रीत तीच. उलट अजिंठ्याला जा, १९ नंबरच्या लेण्याबाहेर नागराजा बसलाय, शेजारी त्याची राणी, दोघं शांत. बौद्ध कथेत मुचलिंद नाग पावसात बुद्धावर फणा धरतो. साप तोच. एका गोष्टीत तो छत्र होतो, दुसरीत राक्षस. म्हणजे सापात काही ठरलेलं नाही, सांगणाऱ्याच्या हेतूत आहे.

शेवटी मोठा आक्षेप. “अरे, ती गंमत आहे. आपली पोरंसुद्धा हसतात.” हसतात, मीही हसलोय. रबरी साप बघून हसू येणं चांगलंच, ते शहाणपण आहे. पण हसताना आपण सापाला हसतो, सापाच्या तोंडी जाणाऱ्या रंगवलेल्या माणसालाही हसतो, आणि या दोन हसण्यांत फरक करायला आपण विसरतो. पहिलं हसू माणसाला निर्भय करतं. दुसरं त्याला निबर करतं. मजा घेणाऱ्याची जबाबदारी आहे की नाही, हे मी सुरुवातीला विचारलं होतं. माझ्या मते आहे, आणि ती एवढीच आहे. हा फरक करायचा.

बंदी मागू नका. बंदीचं हत्यार आपल्यावर आधी उलटतं. उलट हे पिक्चर वस्तीवर लावा, सगळ्यांना बोलवा, आणि संपल्यावर तीन प्रश्न विचारा. पहिला कोण मेला? कोण एकदाही बोललं नाही? आणि या गोष्टीत कुणाचा अपराध झाकला गेला? मग नगर जिल्ह्यातल्याच गावात घडणारा नागराज मंजुळेंचा २०१३ चा ‘फँड्री’ लावा. त्यातही जनावर आहे, डुक्कर. पण तिथं भीती डुकराची वाटत नाही, कुंपणावर बसून हसणाऱ्या गावाची वाटते. शेवटचा दगड कुणावर येतो ते पोरांना बघू द्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोरांना घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, ते लेखी मागा.