'माफ' या शब्दाचे वजन

'माफ' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला याचे भान राहत नाही. शिरूर तालुक्यातील आमच्या कारेगावात शेतकरी कर्ज माफ होण्याची वाट पाहतो, आणि हजला निघालेला माणूस दारोदार जाऊन 'कहासुना माफ करना' म्हणतो. एकाच शब्दात पैशाची सूट आहे आणि मनाचीही.

हा योगायोग नाही. ऐन, फे, वाव ही या शब्दाची मूळ अक्षरे. 'अफ्व' त्यातूनच आला. त्याचा एक अर्थ पुसून टाकणे, दुसरा गरज भागून उरलेले. काय खर्च करावे, या प्रश्नाला सूरह बकराच्या 219 व्या आयतीत 'अफ्व' हेच उत्तर आहे. त्याच सूरहची 280 वी आयत अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगते, आणि कर्ज सोडून देण्याला सदका मानते. म्हणजे माफ करणे हे देणेच आहे. आणि देणारा मोकळा नसेल तर ते देणे कसले?

आता आपल्या घरांकडे पाहू या. मेहर दोन प्रकारचा असतो, ताबडतोब द्यायचा आणि पुढे द्यायचा. दोन्हींना 'मुअज्जल'च म्हणतात. उर्दूत एक ऐनने लिहितात, दुसरा हमजाने. पुष्कळ घरांत हा 'पुढे' कधी येतच नाही. मग नवरा वारतो. जनाजा उचलण्याआधी त्याच्या बायकोला मय्यतीजवळ आणले जाते आणि चार जणी सांगतात, "मेहर माफ कर दे." रडता रडता ती मान हलवते. त्या घडीला 'नाही' म्हणण्याची सोय तिला कुणी ठेवलेली नसते.

याला माफी म्हणावे का? सूरह निसाची चौथी आयत सांगते की पत्नीने स्वखुशीने मेहरातले काही सोडले तरच ते घ्यावे. नूरन्निसा विरुद्ध ख्वाजा महंमद या 1920 सालच्या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयानेही हेच धरले: पतीच्या मृत्यूच्या दुःखात दिलेली सूट मोकळ्या संमतीची नव्हे, ती तिच्यावर बंधनकारक नाही.

कुणी म्हणेल, मयतावर बोजा राहू नये म्हणून हे करतात. भावना खरी आहे. पण मेहर हे कर्ज आहे, आणि वारसांत वाटणी होण्याआधी कर्ज फेडायचे असते. बोजा उतरवायचा तर मुलांनी आणि दिरांनी उतरवावा. जिच्या डोक्यावरचे छत नुकतेच गेले, तिच्याच पदरातून तो का उतरवायचा?

मेहर नवऱ्याने हयातीतच तिच्या हातात ठेवावा. त्यानंतर तिने तो परत दिला, तर त्याला खुशाल माफ करणे म्हणा. न दिला, तरी तो तिचा हक्कच आहे.