रसायनशास्त्र का घेतलंस?

एका निवृत्त प्राध्यापक मित्रांचा लेख गेल्या वर्षी वाचनात आला आणि तेव्हापासून मनात सलतो आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बी.एस्सी.ला येणारी बहुतेक मुलं नीट आणि सीईटीतून गळालेली असतात. त्यांना रसायनशास्त्राची ओढ नसते. पुढे लोटे-परशुराम नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत, एखाद्या कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, चिकटायचं असतं. म्हणून प्रवेशाआधी मुलाखत घ्यावी, 'रसायनशास्त्रच का?' असं विचारावं आणि ज्याच्याकडे मनापासूनचं उत्तर असेल त्यालाच घ्यावं. विभागांचा दर्जा त्यामुळे सुधारेल. या लेखाचं कौतुक झालं. मला मात्र तो अन्यायाचा वाटला, आणि रसायनशास्त्राच्या इतिहासाशी तर त्याचं अजिबात जुळत नाही.

माझ्या मित्रांनी जर्मन विद्यापीठांच्या शिस्तीचा दाखला दिला आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणं म्हणजे स्वतःच्या हातानं प्रयोग करणं, ही रीत पक्की केली ती गीसनच्या युस्टुस लीबिगनं. १८२४ साली तो तिथे प्राध्यापक झाला तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. डार्मस्टाटमधल्या रंग आणि रसायनं विकणाऱ्या दुकानदाराचा हा मुलगा. शाळेत त्याची चमक दिसली नाही. एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवलं, तेही लवकरच संपलं. मित्रांची मुलाखत त्यानं शाळेच्या गुणपत्रिकेवर दिली असती, तर दारातूनच परत गेला असता.

त्याच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला येत कोण? औषधं तयार करण्याचा धंदा शिकायला आलेले तरुण. पोटापाण्याची विद्या हवी म्हणून ते येत होते, आणि त्यात त्यांना किंवा लीबिगला कमीपणा वाटत नव्हता. जागा म्हणजे सैनिकी बराकीची जुनी इमारत. या जागेत लीबिगनं १८३१ मध्ये पाच फुगे असलेली काचेची एक छोटी नळी बनवली. तिच्यात पोटॅशचं द्रावण भरायचं, सेंद्रिय पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातून जाऊ द्यायचा आणि नळीचं वजन आधी किती, नंतर किती ते बघायचं. त्यावरून पदार्थात कार्बन किती हे कळतं. त्याआधी हे विश्लेषण करायला वायू गोळा करून त्याचं आकारमान मोजावं लागे, आणि ते मोजक्या निष्णात हातांनाच साधे. लीबिगच्या नळीनंतर ते कोणत्याही मेहनती विद्यार्थ्याला जमू लागलं. माझ्या दृष्टीनं एकोणिसाव्या शतकातल्या विज्ञानशिक्षणातली ही सर्वांत मोठी घटना आहे. प्रतिभावंतांना वेचून काढण्याची चाळणी लीबिगनं बनवली नाही. जो येईल त्याला खरं काम करता येईल, असं साधन बनवलं.

मग गीसनमध्ये काय घडलं? ऑगुस्ट होफमान कायदा शिकायला आला होता. लीबिगच्या व्याख्यानांनी आणि प्रयोगशाळेनं त्याला ओढून घेतलं. १८४७ मध्ये केकुले वास्तुशास्त्रासाठी गीसनला आला. लीबिगला ऐकलं आणि मार्ग बदलला. बेन्झीनच्या वलयाची कल्पना ज्यानं १८६५ साली मांडली तो हाच. होफमान १८४५ मध्ये लंडनला शिकवायला गेला, आणि त्याच्या हाताखालच्या अठरा वर्षांच्या पर्किननं १८५६ मध्ये क्विनाइन बनवता बनवता जांभळा रंग शोधला. कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग त्यातून उभा राहिला. होफमान आणि केकुले या दोघांना पहिल्या दिवशी 'रसायनशास्त्रच का?' विचारलं असतं, तर 'ते आम्ही घेतलेलंच नाही' हेच खरं उत्तर ठरलं असतं.

आपल्याकडे प्रफुल्लचंद्र रायांचं उदाहरण आहे. इतिहास आणि साहित्य यांवर त्यांचं प्रेम होतं. विद्यासागरांच्या कॉलेजात नाव असताना ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पेडलरांची रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकायला जात. तिथले प्रयोग पाहून त्यांनी मित्राच्या खोलीवर छोटी प्रयोगशाळा थाटली, आणि तिथे एकदा स्फोटही झाला. ओढ लागली ती प्रयोग डोळ्यांसमोर झाल्यावर.

ती ओढ कशी लागते, हे मला प्रॅक्टिकलच्या टेबलाशी रोज दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन देतो. पिपेटनं दहा मिलिलिटर द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचं, विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून परमँगनेट थेंबाथेंबानं सोडायचं. परमँगनेट इतकं गडद असतं की रीडिंग द्रावणाच्या वरच्या कडेवर घ्यावं लागतं. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. मूल गोंधळतं, एका थेंबातच एंड पॉइंट आला की काय, असं वाटून माझ्याकडे बघतं. मी म्हणतो, फ्लास्क हलवत राहा, थांब. काही सेकंदांनी रंग जातो. दुसरा थेंब जरा लवकर जातो. मग एकेक थेंब पडताक्षणीच नाहीसा होऊ लागतो. कारण या अभिक्रियेत जो मँगनीजचा आयन तयार होतो, तोच पुढच्या अभिक्रियेला वेग देतो. अभिक्रिया स्वतःचा उत्प्रेरक स्वतःच तयार करते.

विद्यार्थ्याची ओढ मला नेमकी अशी दिसते. ती घरून बांधून आणायची शिदोरी नाही, काम करता करता तयार होणारा पदार्थ आहे. पहिल्या थेंबाला वेळ लागतो म्हणून अभिक्रियाच होणार नाही असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी आम्ही प्रॅक्टिकलला नापास करू. माझ्या मित्रांची मुलाखत हाच निष्कर्ष काढते, आणि तोही पहिला थेंब पडण्याआधी.

इथपर्यंत माझं म्हणणं सरळ होतं : दारात कुणाला कारण विचारू नये, कारण नंतर आपोआप येतं. पण कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, आठवल्या की हे इतकं सरळ ठेवता येत नाही. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघेही रसायनतज्ज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. तिथेच जायचं हे कमलाबाईंचं पक्कं होतं. अर्ज केला, आणि संचालक असलेल्या सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई बंगळूरला गेल्या, हटून बसल्या, आणि अखेर अटी घालून, वर्षभर काम पाहून मग ठरवू, असा प्रवेश त्यांना मिळाला. पुढे दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं, वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी वरच्या संशोधनासाठी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईला परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं.

त्यांची ओढ आधीचीच होती, घरातून आलेली होती, आणि ती तशी नसती तर त्या पहिल्या नकारालाच परत फिरल्या असत्या. मग माझा सिद्धांत कोलमडतो का? मला वाटतं, तो अधिक नेमका होतो. आधीपासूनची घट्ट प्रेरणा ज्याच्यासमोर दार बंद आहे त्याला लागते. कमलाबाईंबरोबर प्रवेश मिळालेल्या मुलांना तितक्या निर्धाराची गरज पडली नाही. ते अर्ज भरून आत गेले. आजही शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला बी.एस्सी. का घेतलंस म्हणून फार कुणी छळत नाही. वाडीवरून दोन एसट्या बदलून येणाऱ्या मुलीला मात्र घरी, गावात, आणि आता माझ्या मित्रांच्या योजनेत कॉलेजातही कारण द्यावं लागणार. ज्यांचा रस्ता मुळात अवघड आहे, त्यांच्याच माथी ही मुलाखत आणखी एक चढ मारते. शिवाय मुलाखतीत सफाईनं बोलायला ज्यांना घरी शिकवलेलं असतं, तेच तिथे 'ओढ असलेले' ठरतात.

आणि नोकरीचं काय? क्यूसीतली नोकरी हे हलकं कारण आहे असं मला एकदाही वाटलं नाही. गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे हे रात्रपाळीत बसून प्रामाणिकपणे तपासणारा केमिस्ट समाजाचं मोठं काम करतो. एम.एस्सी.ला 'ऑरगॅनिक मिळालं का?' ही मुलांमधली धडपड औषध कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी आहे, हे उघड आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गीसनचे औषधवाले तरी दुसऱ्या कशासाठी आले होते?

तरीही मित्रांची तक्रार एका जागी खरी आहे : पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पुष्कळ मुलांत रस उरलेला नसतो. पण त्याचं मूळ त्यांच्या येण्यात शोधू नका, आमच्या प्रयोगशाळांत शोधा. परमँगनेटच्या त्या प्रयोगात आम्ल कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. द्रावण गार राहिलं तर रंग जाता जात नाही. एका ब्युरेटवर चार मुलं उभी केली, एकानं करायचं आणि तिघांनी रीडिंग उतरवायचं असं ठेवलं, तर त्या तिघांच्या बाबतीत पहिला थेंब पडलेलाच नसतो. त्याहून वाईट गोष्ट सीबीआरची, म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग'ची. तीन रीडिंगं तंतोतंत जुळली पाहिजेत म्हणून मुलं ९.८, ९.८, ९.८ लिहितात, आपल्याला खरं ९.६ आलं होतं हे खोडून टाकतात. आणि एक्स्टर्नल परीक्षक आले की असंच जर्नल चांगलं ठरतं. ज्या विषयाचा सगळा आनंद पदार्थ खरं उत्तर देतो यात आहे, त्याच विषयात आपण मुलांना पदार्थाचं ऐकू नका असं शिकवतो.

म्हणून माझं सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. यंदाच्या बॅचची मुलाखत घेऊ नका. प्रत्येकाच्या हातात स्वतःची ब्युरेट द्या, आणि ज्या मुलीच्या वहीत ९.६, १०.१ आणि ९.७ अशी न जुळणारी पण खरी रीडिंगं असतील, तिच्या जर्नलवर त्याच दिवशी सही करा.