चार हात पुढची नजर

मागच्या मार्गशीर्षात आम्ही पाच जणी मुक्तागिरीला गेलो होतो. सौंसरहून भाड्याची गाडी केली, पहाटे निघालो, पांढुर्णा-वरुड-मोर्शी करत पोहोचलो. डोंगरावरची बावन्न मंदिरं, पायऱ्या, वंदना, पूजा यात कुणाला वेळेचं भान राहत नाही. खाली उतरलो तेव्हा दुपार बरीच कलली होती. थंडीचे दिवस, साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्यापैकी चौघींचा रात्रिभोजनाचा त्याग. सौंसर तर त्या वेळेत गाठणं शक्यच नव्हतं, पण पांढुर्ण्याला माझ्या नणंदेकडे सूर्यास्ताआधी जेवायचं ठरलं होतं. तिचे दोन फोन येऊन गेले होते.

"दादा, जरा लवकर घे हो. दिवस मावळायच्या आत पोहोचलं पाहिजे." हे मीच म्हटलं. एकदा नाही, चार-पाच वेळा म्हटलं असेल.

"काहून घाबरता काकू, पोहोचून जातो ना," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गाडी दाबली.

वरुडच्या पुढे संत्र्याचे क्रेट भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे चालली होती. मागे दिवा नाही, काही नाही. आमच्या गाडीने तिला ओलांडायला घेतलं आणि समोरून मोटरसायकल आली. नवरा, बायको आणि मध्ये लेकरू. त्या माणसाने गाडी कशीबशी कच्च्या पट्टीवर उतरवली. धूळ उडाली. मागे वळून पाहिलं तर मोटरसायकल आडवी झालेली होती आणि ती बाई उठून लेकराला झटकत होती. "काही झालं नाही, उभे राहिले," आमच्यातली एक म्हणाली. आम्ही थांबलो नाही.

पांढुर्ण्याला सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो. ताटं वाढलेलीच होती. मी पहिला घास घेतला आणि तो गिळेना. कशासाठी घाई केली होती मी? रात्रीच्या जेवणात नकळत बारीक जीव मरू नयेत म्हणून. तो नियम पाळण्यासाठी मी तीन माणसांना रस्त्यावरून खाली ढकललं होतं. पण "काही झालं नाही" म्हणत आम्ही सगळ्या जेवलो.

आज मला या "काही झालं नाही"चाच विचार करायचा आहे. कुणी मेलं नाही, मग हिंसा झाली की नाही?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे आणि स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या आधी प्रमाद सांगितला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हेच आणखी उघड केलं. जो सावधपणे, रागद्वेषाशिवाय वागतो त्याच्या हातून एखादा जीव गेला तरी केवळ तेवढ्याने तो हिंसक ठरत नाही. आणि जो बेपर्वा वागतो त्याच्याकडून हिंसा घडलेलीच असते, समोरचा जीव मरो की वाचो. लहानपणी पाठशाळेत हे ऐकलं तेव्हा मुंग्या आणि किडेच डोळ्यांपुढे यायचे. वरुडच्या रस्त्यावरचं ते लेकरू कधी आलं नव्हतं.

कायद्याची रीत वेगळी. तो बहुतेक वेळा कुणी मेल्यावर जागा होतो. २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला तो आठवत असेल. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात आली म्हणून. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, घरोघरी वाद झाले, शिक्षा जास्त की कमी. पण या माणसांना गाडी चालवायला नीट शिकवलं कुणी, हा प्रश्न निदान माझ्या घरात तरी कुणी विचारला नाही. मीही नाही. सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला साडेचारशेहून जास्त.

शिकवण्याची गोष्ट मला कळली ती माझ्या भाच्यामुळे. तो नागपूरला एका कंपनीत आहे. तिथे कंपनीच्या ड्रायव्हरांना आणि स्वतःची गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचं पुढचं प्रशिक्षण दिलं. मी हसले. "अरे, लायसन्स काढून तुला बारा वर्षं झाली. आता काय शिकायचं?"

"मावशी, मलाही तसंच वाटलं होतं. पण स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्यांनी डोळ्यांचंच शिकवलं."

लायसन्सच्या परीक्षेत गाडी चालते का, वळते का, मागे घेता येते का, एवढंच बघतात. पुढच्या प्रशिक्षणात बघायला शिकवतात. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. ती गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायचं, आपण दोन सेकंदांच्या आत तिथे पोहोचलो तर फार जवळ आहोत. पाऊस असेल तर हे अंतर दुप्पट. उभ्या बसच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का बघायचं. चेंडू रस्त्यावर आला तर मागून मूल येणार असं धरूनच चालायचं. झोप येत असेल तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून भागत नाही, थांबायचंच. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे, गाडी चालवताना जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं. न दिसलेलं बोलता येत नाही, म्हणून शिकवणाऱ्याला लगेच कळतं की नजर कुठे निसटली.

ही पद्धत इंग्लंडातली. १९३० नंतरच्या दशकात तिथे अपघात फार वाढले तेव्हा लंडनजवळ हेंडनला पोलिसांसाठी गाडी चालवण्याची शाळा निघाली. पुढे १९५५ मध्ये त्या शिकवणीचं पुस्तक आलं आणि १९५६ मध्ये सामान्य चालकांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. आपल्याकडेही अगदीच काही नाही असं नाही. पुण्याजवळ भोसरीला चालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्था आहे. छिंदवाड्याला अशोक लेलँडची चालक प्रशिक्षण संस्था आहे. त्या रस्त्याने माहेरी किती वेळा गेले, पण तिथे काय शिकवतात हे कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर भाचा आला तेव्हा त्याच्याबरोबर छिंदवाड्याला निघाले. रामाकोना सोडल्यावर म्हणाला, "मावशी, आता तू बोल. काय दिसतं ते सांग."

"रस्ता दिसतो."

"रस्त्यावर काय?"

मग मी बोलायला लागले. डावीकडे बैलबंडी, बैल बुजलेला दिसतो. पुढे टपरी, टपरीपाशी दोन पोरं, एकाचं लक्ष नाही. समोरून ट्रक, त्याच्यामागे एक मोटरसायकल डोकावते, ती बाहेर येईल. सिल्लेवानीचा घाट सुरू झाला तेव्हा वळणापलीकडचं दिसेना. भाचा म्हणाला, "दिसत नाही तेही बोल." घाटात एका गाडीतून कुणीतरी माकडांना केळी टाकत होतं आणि माकडं रस्त्याच्या मधोमध आली होती. मीही कितीदा तशी केळी टाकली आहेत, पुण्य म्हणून. मागून येणाऱ्या गाडीचा विचार कधी केला नव्हता.

पंधरा मिनिटांत मी दमले. आणि बोलता बोलता एकदम लक्षात आलं की हे आपलंच आहे. ही ईर्यासमिती आहे.

मुनिमहाराज चालतात ते चार हात पुढची जमीन बघत चालतात. सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, मन दुसरीकडे जाऊ न देता. मी घरी येऊन हिशेब केला. हात म्हणजे दीड फूट, चार हात म्हणजे सहा फूट. महाराजांच्या सावकाश चालीने एवढं अंतर कापायला साधारण दोन सेकंद लागतात. त्या प्रशिक्षणातलेही दोनच सेकंद! ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत ४४ मीटर जाते. म्हणजे जवळजवळ शंभर हात. चालणाऱ्याला चार हात, तर त्या वेगाने जाणाऱ्याला शंभर हात. नियम एकच, पावलाप्रमाणे हात वाढले.

विहाराच्या वेळी आपण महाराजांच्या पुढेमागे झेंडा घेऊन चालतो. विहारात साधू-साध्वींना वाहनांनी उडवल्याच्या बातम्या येतात तेव्हा समाज हळहळतो, निवेदनं देतो. ते योग्यच. पण त्या रस्त्यावरून परतताना आपण आपल्याच गाडीत बसून "घे रे लवकर" म्हणतो, तेव्हा मुंगी वाचवायला चार हात बघणाऱ्याच्या अंगावर, शंभर हात न बघणारा आपणच पाठवत असतो.

आता कुणी म्हणेल, गाडी ड्रायव्हर चालवतो, दोष त्याचा. मलाही तसं वाटून घ्यायचं होतं. चार दिवसांनी तो भाड्याचे पैसे न्यायला आला तेव्हा मी त्याला बोलले, "किती जोरात चालवली रे त्या दिवशी!" तो खाली बघत म्हणाला, "काकू, तुम्हीच तर म्हणून राहिल्या होत्या ना, लवकर घे म्हणून." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द मी रोज प्रतिक्रमणात म्हणते. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेलं बरं वाटलेलं. त्या संध्याकाळी चाक त्याच्या हातात होतं, पण करवणं माझं होतं, आणि वेळेत पोहोचलो म्हणून सगळ्यांना बरंही वाटलं होतं.

एक शंका मात्र खरी आहे. शिकलेला माणूस जास्त धीट होत नाही का? होतो. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण दिलेल्या तरुणांचे अपघात उलट वाढलेले आढळले. आपल्याला येतं, हा मान चढला. मान हा चार कषायांतला एक, तो तपाने चढतो तसा ट्रेनिंगच्या कागदानेही चढतो. म्हणून हाताचं कौशल्य शिकवणं वेगळं आणि नजरेची सवय लावणं वेगळं. दुसरं शिकलेला माणूस गाडी सावरायची वेळच येऊ देत नाही.

आमच्या दुकानाच्या छोट्या मालगाडीवर एक ड्रायव्हर आहे. त्याला दोन दिवस शिकायला पाठवायचं, दोन्ही दिवसांची रोजी द्यायची, असं मी घरी काढलं. हे म्हणाले, "शिकून दुसरीकडे गेला तर?"

"गेला तर गेला. रस्ता तर तोच आहे ना."

हे थोडा वेळ गप्प राहिले, मग तारीख विचारली.

व्रताचं म्हणाल तर ते मी सोडलेलं नाही. पण आता निघताना डबा बरोबर असतो, चार वाजता झाडाखाली गाडी थांबवून सगळे जेवतो, ड्रायव्हरही. आणि कधी उशीर झालाच तर पाणीही न घेता सकाळपर्यंत राहायचं. नियम पाळायला उपास आहे, त्यासाठी गाडी पळवावी लागत नाही. एवढी साधी गोष्ट पन्नाशी उलटल्यावर कळली.

ते तिघं कोण होते, मला माहीत नाही. क्षमावाणीच्या दिवशी आपण ओळखीच्यांची क्षमा मागतो, फोन करतो, कार्ड पाठवतो. यंदा मी त्या बाईची मागितली. ती ऐकणार नाही हे माहीत आहे. म्हणून गाडीत बसले की रस्त्याकडे बघते आणि "लवकर घे" हे दोन शब्द तोंडाबाहेर काढत नाही.