ताटात काय आहे, हे कुणाला कळावं?

चातुर्मास लागला की कारंजा लाडमधल्या जैन घरांतला स्वयंपाक बदलतो. कांदा, लसूण, बटाटा अनेक घरांत एरवीही नसतोच. पर्युषणात पालेभाजीही चुलीवर चढत नाही. याच कारंज्यात नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे, त्यामुळे दत्तभक्तांच्या घरी गुरुवारी साबुदाणा भिजतो. मंगरूळपीरच्या दर्ग्याभोवतीच्या मोहल्ल्यांत रमजानमध्ये संध्याकाळची चूल वेगळ्या वेळी पेटते, आणि पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या काशीत, तांड्यावरच्या जेवणाची चव या सगळ्यांहून निराळी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा सहा तालुक्यांचा, तसा लहानच. पण इथल्या घराचं ताट पाहिलं की त्या घराचा धर्म, बऱ्याचदा जात, आणि घरात कुणी आजारी आहे की कुणी बाळंतीण आहे, हे ओळखता येतं.

शेजाऱ्याला हे ठाऊक असतंच, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. आपण त्याला ओळखतो, त्याच्याही घरातलं आपल्याला माहीत असतं. ही बरोबरी मोडते ती पाककृती मोबाइलवर शोधताना. तिथे पाहणारा आपल्याला दिसत नाही.

मोबाइलवर पाककृतीचं पान उघडलं की संकेतस्थळाच्या सर्व्हरवर फोनचा आयपी पत्ता, फोनचं मॉडेल, ब्राउझरची भाषा आणि वेळ यांची नोंद होते. एवढं समजण्यासारखं आहे. पान पाठवायचं तर ते कुठे पाठवायचं हे कळायलाच हवं. पण त्याच क्षणी त्या पानात बसवलेल्या, दुसऱ्याच कंपन्यांच्या यंत्रणाही जाग्या होतात. काही वाचक मोजतात, काही जाहिराती लावतात. जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो, तोही पान पूर्ण उमटायच्या आत. बोली लावणाऱ्या कंपन्यांना पान कशाबद्दल आहे, फोन साधारण कोणत्या भागात आहे, हाच फोन पूर्वी कुठे दिसला होता, हे कळवलं जातं. चौकट एकीलाच मिळते, माहिती मात्र बोलीसाठी बोलावलेल्या सगळ्यांकडे पोचलेली असते. जाहिरात उद्योगाच्या विषयसूचीत शाकाहारी आहार, व्हेगन आहार, अन्नाची ॲलर्जी असे स्वतंत्र कप्पेच केलेले आहेत.

फोन ओळखायचं जुनं साधन म्हणजे कुकी. नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी १९९४ साली ती तयार केली, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना संकेतस्थळाला ग्राहक आठवावा एवढ्याचसाठी. पुढे तीच कुकी तिऱ्हाईत कंपन्या या संकेतस्थळावरून त्या संकेतस्थळावर माग काढायला वापरू लागल्या. ॲपलने २०२० मध्ये आयफोनवरच्या सफारी ब्राउझरमध्ये अशा तिऱ्हाईत कुकी पूर्ण बंद केल्या. गूगलनेही त्याच वर्षी क्रोममधून त्या काढण्याची घोषणा केली, ती वारंवार पुढे ढकलली आणि २०२५ मध्ये बेत सोडून दिला. वाशिमसारख्या जिल्ह्यात बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन आणि त्यात क्रोम असतो. म्हणजे जे संरक्षण महागड्या फोनवाल्याला आपोआप मिळतं, ते इथे मिळत नाही.

आता जरा पाककृतींकडे पाहू. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू एकाच आठवड्यात कुणी पाहिले, तर त्या घरी नुकतं बाळ आलंय किंवा येऊ घातलंय. पथ्याची, बिनसाखरेची पानं एकामागून एक उघडली गेली, तर घरात मधुमेह आहे. भगरीचं पान कोणत्या वारी उघडलं गेलं, त्यावरून घरातला उपास कळतो. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाची नोंद केली, तेव्हा अनेक वाचकांना पहिल्यांदाच कळलं की छापील पाकपुस्तकांतून केवढं मोठं मराठी जेवण बाहेर राहिलं होतं. ते पदार्थ आता लोक मोकळेपणाने शोधू शकतात, ही आनंदाची गोष्ट. पण ते कोण शोधतंय याची यादी कुठेतरी तयार होत असेल, तर ती जातीची यादी ठरू शकते. नाव, आडनाव, जात यांतलं काहीही न विचारता.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० चं. लाखो घरांनी अशा पुस्तकांवरून स्वयंपाक केला. कोणत्या घरात कोणतं पान तेलकट झालं, हे ना लेखिकेला कळलं ना प्रकाशकाला, आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही. पाककृती वाचायला वाचकाची ओळख लागत नाही. संकेतस्थळ ती गोळा करतं, कारण फुकट पाककृतीचा खर्च जाहिरातीतून निघतो. हा व्यवहार आहे. व्यवहार म्हणून त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. हरकत आहे ती दुसऱ्या बाजूला त्याची खबरच नसते याला.

खाणं ही खासगी बाब आहे, हे महाराष्ट्रातल्याच न्यायालयाने ठणकावून सांगितलं आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांनी महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातलं कलम ५ड रद्द केलं. राज्याबाहेर कत्तल झालेल्या गोवंशाचं मांस नुसतं जवळ बाळगणंही त्या कलमाने गुन्हा ठरवलं होतं. राज्यातली गोवंश हत्याबंदी न्यायालयाने कायम ठेवली, पण आपल्या घरात काय खावं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, असं म्हटलं. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

या हक्काला धक्का कसा बसतो, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. झोमॅटोने फक्त शाकाहारी जेवण पोचवणाऱ्या मुलांचा वेगळा ताफा जाहीर केला आणि त्यांना हिरवा गणवेश दिला. एका दिवसात गणवेश मागे घ्यावा लागला. गणवेशाच्या रंगावरून इमारतीच्या फाटकाशीच कळलं असतं की कुणाकडे काय आलं, आणि काही ग्राहकांना घरमालकांचा त्रास झाला असता, हे कंपनीच्या प्रमुखांनीच मान्य केलं. मुंबई-पुण्यात मांसाहारी म्हणून घर नाकारलं गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गणवेशाचा रंग निदान डोळ्यांना दिसला, म्हणून ओरड झाली. सर्व्हरवरची नोंद कुणालाच दिसत नाही.

आणि ती नोंद फुटते. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि त्यांतल्या काहींचे सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले. मूळ कारण फार साधं होतं: कंपनीतल्या एका तंत्रज्ञाने जो पासवर्ड वापरला होता, तोच २०१५ मध्ये एका वेगळ्याच वेबहोस्टिंग सेवेतून फुटला होता. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या ग्राहकांचं प्रकरण अधिक भयंकर निघालं. १८ कोटी ऑर्डरींचा तपशील हाती असल्याचा दावा करणाऱ्यांनी चक्क एक शोधपान उघडलं. त्यात मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाने कधी आणि कुठे जेवण मागवलं, ते समोर येई. पैशांचे तपशील सुरक्षित असल्याचा खुलासा कंपनीने केला. पण एखाद्या बाईचा पाठलाग करणाऱ्याला तिच्या कार्डाचा नंबर कशाला हवा? त्याला पत्ता पुरतो.

कायदा काय म्हणतो? मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये विदासंरक्षणाचा, म्हणजे डेटाच्या संरक्षणाचा, मसुदा दिला. त्यात आरोग्य, जात-जमात आणि धार्मिक श्रद्धा यांची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती आणि तिला जास्त कडक नियम होते. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा झाला, तेव्हा हा वेगळा वर्ग उरला नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकलं: साध्या माहितीवरून संवेदनशील गोष्टीचा तर्क करता येत असेल, तर तिलाही संवेदनशील माहितीचंच संरक्षण मिळावं. जेवणावरून जात आणि धर्म कळणाऱ्या आपल्या समाजाला या निवाड्याची गरज युरोपहून जास्त आहे. श्रीकृष्ण समितीची ती यादी गाळली, ही चूक झाली.

तरीही २०२३ च्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की तिच्यासाठी मराठी वाचकाने आग्रह धरावा. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, असं कायदा सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. संमती मोकळी, नेमकी, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं, हेही त्यात आहे.

आज मात्र अनेक मराठी पाककृतींच्या संकेतस्थळांवर वेगळंच दिसतं. भरल्या वांग्यांची कृती मराठीत, आणि खासगीपणाचं धोरण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, इंग्रजीत. तेही तयार साच्यातून घेतलेलं, त्यामुळे त्यात कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांचे हक्क असतात, युरोपातल्या वाचकांचे असतात. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या वाचकाचा उल्लेख नसतो. ज्या बाईला ‘चवीनुसार मीठ’ मराठीत सांगितलं, तिच्याकडून माहिती घेण्याची परवानगी तिला न येणाऱ्या भाषेत मागितली जाते. तिने ‘अलाऊ’वर बोट ठेवलं, याला संमती म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संकेतस्थळांवरची बहुतेक बंधनं अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये, लागू होतील. सरकार काही उद्योगांना काही कलमांतून सूट देऊ शकतं, पण मराठी पाककृती लिहिणाऱ्यांनी त्या सवलतीची वाट का पाहावी? करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. वाचकाच्या इतिहासावरून जाहिरात लावण्याऐवजी पानाच्या विषयावरून लावता येते. पुरणपोळीच्या पानावर गुळाची जाहिरात दाखवायला वाचक कोण हे कळायची गरज नाही. वाचकाने ईमेलवर पाककृती मागवली, तर ईमेल पत्ता पुरे, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर कशाला? जुन्या नोंदी ठरावीक काळाने पुसता येतात. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला तर कायद्याने मनाईच केली आहे, आणि शाळेच्या प्रकल्पासाठी आजीच्या फोनवर पाककृती शोधणारी मुलं घरोघरी आहेत. हे सगळं अर्ध्या पानाच्या साध्या मराठीत लिहून पाककृतीच्या वर ठेवता येतं.

माहिती फुटलीच, तर प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणं आणि या कायद्याखालच्या विदा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणं नियमांनी बंधनकारक केलं आहे. मंडळाचं काम डिजिटल पद्धतीने चालायचं आहे, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव किंवा मानोऱ्याहून दिल्लीला जावं लागणार नाही. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण तो सगळा भारताच्या संचित निधीत जमा होईल; जिचा पत्ता चव्हाट्यावर आला, तिला त्यातला एक रुपयाही मिळणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागण्याची वाट आहे. पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम रद्द होणार आहे. भरपाईची तरतूद परत आणण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि आपल्या खासदाराकडे तिची मागणी करायला मे २०२७ पर्यंत थांबायचं कारण नाही.