पात्रता फेरीतला चाहता

१८ नोव्हेंबर २०२५ या एकाच तारखेला फुटबॉलचे दोन निकाल लागले. ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असं हरवलं आणि तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओने जमैकाशी ०-० बरोबरी साधून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. कुरासाओची लोकसंख्या जेमतेम दीड लाख. इतका छोटा देश याआधी विश्वचषकात कधी पोचला नव्हता. आमची आष्टी ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांवर माणसं राहतात.

हे आकडे शेजारी ठेवले की लगेच एक वाक्य निघतं: एवढ्या मोठ्या देशात अकरा खेळाडू मिळू नयेत? मला हे वाक्य आळशी वाटतं. कुरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले, तिथल्या क्लबांत घडले. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. आईकडून मुंबईशी नातं असलेल्या रायन विल्यम्स यांना भारताकडून खेळण्यासाठी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडावं लागलं. आणि मुळात लोकसंख्येतून खेळाडू निघत नाहीत. ते लहानपणापासून खेळलेल्या शेकडो मॅचमधून निघतात. त्या मॅच कोण भरवतं, कुठे भरवतं, हे विचारायचं सोडून आपण डोकी मोजत बसतो.

आष्टीत फुटबॉलची चर्चा होते ती चार वर्षांतून एकदा. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, तेव्हा आमच्या परतूर तालुक्यातल्या पोरांच्या स्टेटसवर मेस्सी होता. त्या आनंदात खोटं काही नाही. सुंदर खेळ कुणाचाही असो, तो पाहावाच. पण आपण जिंकलो असं म्हणणारी ही पोरं भारताची क्वालिफायर कधी झाली, कोणाशी झाली, हे सांगू शकत नाहीत. कोल्हापुरात फुटबॉल रक्तात आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की अख्ख्या पेठा मैदानाकडे वळतात. विश्वचषकात मात्र तिथल्याही चौकात झेंडे लागतात ब्राझीलचे, नाहीतर अर्जेंटिनाचे. एका टोकाला आपली पेठ, दुसऱ्या टोकाला दक्षिण अमेरिका, आणि मधला स्वतःचा देश चर्चेतून गळून जातो.

दुसऱ्याच्या संघावर प्रेम करताना आपल्यावर जबाबदारी येत नाही. अर्जेंटिनाचा प्रशिक्षक चुकला तर त्याला जाब विचारायला अर्जेंटिनाचे लोक आहेत. भारताच्या प्रशिक्षकाला, महासंघाला जाब विचारणारं आपल्याशिवाय कोण आहे? आणि जाब विचारायचा तर आधी हिशेब लक्षात ठेवावा लागतो. पात्रता फेरीची चर्चा मला मोलाची वाटते ती यासाठी. ती महिन्याभराच्या जल्लोषाची चर्चा नाही. गुवाहाटीतला मार्च आणि दोह्यातला जून एकत्र बांधणारी ती चर्चा आहे.

११ जून २०२४ ची दोह्यातली मॅच घ्या. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत कधीच गेला नव्हता. कतारविरुद्ध लालियानझुआला छांगतेने ३७ व्या मिनिटाला गोल केला आणि ७३ व्या मिनिटापर्यंत आपण पुढे होतो. मग चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना तो परत आत ओढला गेला आणि युसूफ आयमनने जाळ्यात टाकला. रेफ्रीने गोल दिला. त्या सामन्यात व्हिडिओ रेफ्री नव्हता. पुढे कतारने आणखी एक गोल केला, आपण २-१ ने हरलो आणि त्याच रात्री अफगाणिस्तानला हरवून कुवेत पुढे गेलं.

अन्याय झाला, यात शंका नाही. त्या रात्रीचा राग खरा होता. पण खऱ्या चाहत्याने त्याच रागात गुणतक्ता उघडायला हवा. कुवेतचे ७ गुण, आपले ५. त्याआधी २६ मार्चला गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या दीडशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, त्याच्याच गोलने आपण अफगाणिस्तानच्या पुढे होतो आणि घरच्या मैदानावर २-१ ने हरलो. ती आघाडी टिकली असती तर आपले ८ गुण झाले असते आणि दोह्यात हरूनही भारत तिसऱ्या फेरीत गेला असता. रेफ्रीची चूक सगळ्यांना आठवते. गुवाहाटीतली शेवटची वीस मिनिटं कोणी आठवत नाही, म्हणून त्यांचं उत्तरही कोणी देत नाही.

प्रशिक्षक इगोर स्टिमाक गेले, मानोलो मार्केझ आले आणि गेले, मग खालिद जमील आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन आपण पुन्हा २-१ नेच हरलो आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. माणसं बदलली, पण आघाडी घालवायची सवय तशीच राहिली. हे सलग पाहिल्याशिवाय दिसत नाही.

पुरुषांचा संघ झगडून पात्र होण्याचा अनुभव आपल्या देशाला फार कमी आहे. १९५० च्या विश्वचषकाची जागा मिळाली ती आपल्या गटातल्या इतरांनी माघार घेतल्यामुळे, आणि मग आपणही गेलो नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, पण तिथे भारत यजमान म्हणून होता.

म्हणूनच ५ जुलै २०२५ ही तारीख आष्टीच्या प्रत्येक मेस्सीभक्ताला ठाऊक असायला हवी होती. चियांग माई इथे भारताच्या महिलांनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याआधी मंगोलियाला १३, पूर्व तिमोरला ४ आणि इराकला ५ गोल घातले होते, तेही स्वतःवर एकही होऊ न देता. पात्रता फेरी खेळून महिला आशिया चषकात जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. पुरुषांच्या पराभवावर त्या वर्षी निदान चार शिव्या तरी ऐकू आल्या. या विजयावर मी आमच्याकडे एक शब्द ऐकला नाही.

शालेय फुटबॉल आमच्याकडेही आहे. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला, अशी तीही पात्रता फेरीच असते. आपल्या शाळेच्या मुलींचा संघ यंदा उतरला का, कोणाशी हरला, कितीने हरला, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. संगीता बासफोरचं नाव माहीत असलेला माणूस ते विचारेल, असं मला मनापासून वाटतं.